बेडकीचा दसरा

नोकरीत असताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मिस्त्री, ह्याला नेमकं काय म्हणायचं?" ट्रॅक्टर म्हणावं तर मागं नांगर जोडता येत नाही, जीप म्हणावं तर छप्पर नाही, आणि मोटारसायकल म्हणावं तर चाकं चार. कागदोपत्री तिचं नाव एटीव्ही, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी. आमच्या साइटवर मात्र तिला सगळे बेडकी म्हणायचे. हे नाव एका पंक्चरवाल्याच्या हौसेमुळं पडलं.

मी सोनारीचा. परंड्यात किल्ल्याजवळच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर आणि जीप उघडता-उघडता म्हातारा होणार असं धरून चाललो होतो. मग भूमकडच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्या गाड्यांची निगा राखायला माणूस पाहिजे होता, आणि मी गेलो. एक जीप तिथं होतीच. पुढं जिथं जीप चढत नाही अशा ठिकाणी माणसं आणि सामान न्यायला कंपनीनं ही गाडी आणली. चालवायला शिवाजी होता, तामलवाडीकडचा, चाळिशीचा गडी. गाडीवर त्याचा इतका जीव की जेवताना ती दिसेल अशा बेतानं बसायचा.

गाडी नवी असताना तो भूमला हवा भरायला गेला. पंक्चरवाल्यानं टायर दाबून बघितलं आणि हळहळला. "एवढं ढोलं टायर, आन् आत हवाच न्हाय की राव." त्यानं मोटारसायकलच्या हिशेबानं टम्म हवा भरली आणि उपकार केल्यासारखा निरोप दिला. शिवाजी डोंगराच्या पायथ्याशी आमच्या फाटकाजवळ आला तेव्हा प्रत्येक दगडावर गाडी उडत होती आणि गाडीवर शिवाजी उडत होता. वॉचमन नामदेवराव फाटकातून ओरडले, "आरं, बेडकी आली बघा." तेच नाव राहिलं.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही की या गाडीचं टायर मऊच ठेवायचं असतं. तळवा टेकून जोर दिला तर थोडं आत गेलं पाहिजे. मऊ टायर दगडाला कवेत घेतं, टणक टायर दगडावरून उडतं. तेव्हापासून बेडकीची हवा मी स्वतः भरायला लागलो. दुसऱ्या कुणी पंपाला हात लावला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी चिडका आहे हे माझी बायको तुम्हाला सांगेल, पण गाड्यांच्या धंद्यात थोडं चिडकं असलेलं बरं असतं.

बेडकीची निगा म्हणजे रोज सकाळी तिच्याभोवती एक चक्कर. खाली तेल गळलंय का, सांध्यांवरची रबरी टोपणं फाटलीत का, नटबोल्ट ढिले झालेत का. खडकाळ रस्त्यावर गाडी रोज थोडी सुटत जाते आणि आपण तिला रोज थोडी आवळायची. हवेची गाळणी स्पंजाची असते, ती धुऊन, वाळवून, तेलात भिजवून पिळायची, म्हणजे डोंगरावरची धूळ तेलाला चिकटते आणि इंजिनात जात नाही. आता गंमत बघा. त्या गाळणीला तेल नसेल तर इंजिन मरतं, आणि त्याच गाडीच्या ब्रेकला तेल लागलं तर माणूस मरतो. आमच्या जीपचे ब्रेक पोलादी डब्यात झाकलेले होते. बेडकीचे उघडे. चाकाच्या आतल्या अंगाला एक तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात, आणि दोन्हीकडून दोन पॅड तिला चिमटीत धरतात. ही चिमटी कोरडी असेपर्यंतच गाडी थांबते.

सोनारीत भैरवनाथाच्या देवळातली माकडं हातातला प्रसाद कसा पळवतात हे बघत मी वाढलो. त्यामुळं कुठलीही वस्तू झाकून, गुंडाळून, कडी लावून ठेवायची मला खोड आहे. बेडकीच्या पुढच्या चाकांचे जादा पॅड मी प्लास्टिकात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. साइटवरचे सगळे त्या डब्यावरून माझी थट्टा करायचे. करेनात का.

परंड्याच्या गॅरेजातले आमचे उस्ताद फार कडक. त्यांचा एक रिवाज होता. ज्यानं ब्रेकचं काम केलं असेल त्यानं उतारावर गाडीच्या पुढं चालायचं. किल्ल्याच्या खंदकाकडं उतरणारा एक रस्ता होता, तिथं गाडीवाला गाडी हळूहळू सोडायचा आणि मिस्त्री तिच्याकडं तोंड करून मागं-मागं सरकायचा. उस्ताद म्हणायचे, "बेटा, दुसऱ्याला बसायला सांगतोस ना? मग तू आधी समोर हो." पहिल्यांदा फार जड गेलं. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही आली.

आता कोंडामावशीची ओळख करून देतो. सगळ्यात वरच्या पवनचक्कीच्या पलीकडं माळावर तिचा मेंढवाडा होता. नवरा गेलेला, मुलगा बिरा मेंढरं राखायचा, आणि मावशी त्या दोघांवर, म्हणजे मेंढरांवर आणि बिरावर, राज्य करायची. बेडकी पहिल्यांदा माळावर गेली तेव्हा मेंढरं चौफेर उधळली. मावशी काठी घेऊन थेट खाली माझ्या शेडपर्यंत चालत आली.

"मिस्त्री तूच का? तुजं ते भूत माज्या मेंढरामागं लागतंय. गाभण मेंढी पडली तर तू देणार हायस का भरून?"

मी गाडी ऐकून बघितली. धुराच्या नळीचा सांधा फुटला होता, त्यामुळं ती भुंकल्यासारखा आवाज करत होती. मी सांधा बदलला. पुढच्या खेपेला मावशीनं कान दिला आणि म्हणाली, "आता नुस्तं गुरगुरतंय. आदी भुंकत हुतं." तिच्याकडून एवढं प्रशस्तिपत्रक पुष्कळ झालं. पण गाडीवर बसायला ती कधीच तयार झाली नाही. शिवाजी दरवेळी विचारायचा आणि ती दरवेळी त्याच्या अंगावर जायची. "म्या दोन पायांवर आले, दोन पायांवरच जाईन."

ज्या दसऱ्याबद्दल मला सांगायचंय त्या वर्षी आमच्याकडं पाऊस लई झाला. डोंगरावरचा रस्ता निम्म्यावरच्या वळणाला खचला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे बेडकीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त पट्टी उरली. जीप वळणापर्यंत जायची, पुढं सगळा भार बेडकीवर. त्या पट्टीवर चढताना त्रास नसे. उतरताना मात्र वळणाच्या तोंडाशी गाडी पुरती थांबवून, चाकं सरळ करून, मग इंचा-इंचानं पुढं घ्यावी लागायची.

नवरात्रात घरी घट असल्यामुळं मी रजेवर होतो. दसऱ्याला घरची पूजा उरकली, परंड्याहून बस धरली, आणि दुपारी साइटवर पोचलो. माझ्या पान्यांना मी दुसऱ्या कुणाला हळदकुंकू वाहू देत नाही, म्हणून सुट्टी मोडून जायचो. फाटकाशी नामदेवराव आपट्याची पानं घेऊन उभे होते, पण तोंडावर सणाची कळा नव्हती.

"मिस्त्री, कोंडाबाईला विंचू चावलाय. वाड्याचा दगूड उचलाया गेली. तांबडा हुता म्हनं. शिवाजी बेडकी घिऊन वर गेलाय आत्ताच."

तांबडा विंचू म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग श्वास. म्हाताऱ्या माणसाला तासाभराची ढिलाई नडते. शिवाजी लगेच गेला हे बरं झालं असं म्हणत मी जीपकडं वळलो. ती वळणाशी नेऊन उभी करायची आणि मावशी आली की तशीच भूमच्या दवाखान्यात न्यायची, एवढं साधं काम होतं.

जीपला झेंडूच्या माळा होत्या. बॉनेट आरशासारखं चमकत होतं. खाली जमिनीवर चारी चाकांजवळ काळे ओले डाग पडले होते. मी वाकून बोट लावलं, वास घेतला. डिझेल.

"गाड्या कुठं धुतल्या?"

"काल खंडेनवमीला शिवाजीनं दोनी भूमला नेल्या. लई झकास धुतल्या. खालनं फवारा बी मारून घेतला डिझेलचा, गंज लागू नये म्हनून. तुमी बघाया पायजे हुतं, बेडकी नवी नवरी दिसत हुती."

आमच्याकडं हे सगळेच करतात. सणाला गाडी धुवायची आणि वर डिझेलचा नाहीतर जुन्या ऑइलचा फवारा मारून घ्यायचा. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांना त्यानं सहसा काही होत नाही, कारण त्यांचे ब्रेक झाकलेले. जन्मभर हेच बघितलेल्या माणसानं बेडकीलाही तेच लाड केले. कोरड्या राहायला पाहिजेत अशा त्या तबकड्यांवर आणि पॅडवर डिझेल बसलं होतं. धुण्याच्या जागेपासून साइटपर्यंत रस्ता सपाट, मग पूजेसाठी गाडी उभी, आणि आता चढ. चढाला ब्रेक लागतच नाही. शिवाजीला काही कळलं नसणार, आणि कळेल तेव्हा तो उतारावर असेल, मावशीला मागं बसवून.

मी फोन लावला. वर माळावर रेंज येते आणि जाते. तेव्हा ती गेलेली होती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी शेडमधून पान्यांची पिशवी, पेट्रोलची बाटली आणि तो बिस्किटाचा डबा उचलला, नामदेवरावांना सारखा फोन लावत राहायला सांगितलं, आणि जीप काढली. फाटकातच दोनदा ब्रेक दाबून बघितला. जीप थांबत होती. निदान एवढं तरी.

वळणाशी जीप लावून मी चालायला लागलो. पट्टी ओलांडली. पुढचा चढ खडीचा, पाय निसटत होता. वय झालेलं, घरच्या पुरणपोळ्या पोटात, छातीचा भाता झाला. वरून इंजिनचा आवाज आला आणि माझं काळीज हललं, कारण आवाज जवळ येत होता. बेडकी उतरायला लागली होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "शिवा, थांब. गाडी थांबव." वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मग इंजिन एकदम किंचाळलं, खडीचा खरखराट झाला, दणकन आवाज आला, आणि सगळं शांत झालं.

तेवढ्या चढावर माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. वळसा घालून वर पोचलो तेव्हा बेडकी डोंगराच्या अंगाला मातीच्या दरडीत नाक खुपसून उभी होती. शिवाजीनं पहिल्या उतारालाच ब्रेक दाबला होता, काहीच लागलं नव्हतं, तेव्हा त्यानं दरीकडं न बघता सरळ दरडीत गाडी घातली होती. त्या क्षणी ते सुचणं सोपं नाही. मावशी अजून मागच्या सीटवर होती, बिरानं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. नवं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं, ओठ पांढरे पडले होते. मी तिचा हात धरला तर गार.

आणि मला पहिलं सुचलं काय, तर शिवाजीच्या अंगावर जाणं. "अक्कल गहाण टाकलीस का रे? ब्रेकला डिझेल? मला विचारायचं नाही?" तो पांढराफटक पडून नुसता बघत होता.

मावशीनं डोळे उघडले. "मिस्त्री, भांडाण म्या मेल्यावर करा. आदी मला खाली न्या."

मी पिशवी खाली ठेवली आणि गाडीकडं वळलो.

बिरा म्हणाला, "मामा, म्या उचलून नेतो आईला. पाठीवर घेतो."

"खडीचा उतार आहे. तू घसरलास तर दोघं जाल. आणि तिला उलट्या होतायत, पाठीवर हिंदकळून काय होईल?"

"मग हितं बसून बगत ऱ्हाऊ? निदान चालत तरी ऱ्हाईन."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर गाडी उतरवता आली असती, पण खाली ते वळण होतं, आणि तिथं पुरतं थांबल्याशिवाय पट्टीवर चाकं जात नाहीत. माझ्याकडं पॅड होते. पुढची दोन्ही चाकं काढून, तबकड्या पुसून, पॅड बदलायचे तर वेळ जाणार, आणि पुढचं तोंड उचलून धरायला बिरा आणि शिवाजी दोघंही लागणार. म्हणजे तेवढा वेळ मावशी एकाच जागी. मी ठरवायचं होतं, आणि चुकीचं ठरवलं तर माणूस जाणार होतं. मला भीती वाटत होती. ती मी तोंडावर येऊ दिली नाही, एवढंच.

"बिरा, मला दोन चाकं उघडू दे. त्यानंतरही गाडी थांबली नाही तर आपण तिघं मिळून उचलू."

त्यानं आईकडं बघितलं. मावशी म्हणाली, "करू दे त्याला. भुंकायचं बंद केलं हुतं त्यानं."

आम्ही तिला सावलीला दगडाला टेकवून बसवलं. बिरा आणि शिवाजीनं गाडी दरडीतून मागं ओढली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि पुढचं तोंड उचलून खाली मोठा दगड सारला. पहिलं चाक काढलं. तबकडी तेलकट चमकत होती. पॅड काढले तर डिझेल पिऊन काळे झालेले. ते भिरकावून दिले. शिवाजीनं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. मी वास घेतला, त्यालाही डिझेल. सकाळी त्यानंच तो गाडीवरून फिरवला होता. माझा शर्ट घामानं भिजलेला, बिराचा सदरा भिजलेला. पेट्रोल होतं, पॅड होते, आणि पुसायला कोरडं कापड नव्हतं.

"कोरडं कापड पाहिजे. स्वच्छ. कसलंही."

बिराच्या डोक्याला नवा पांढराशुभ्र पटका होता. दसऱ्याचा, बिरोबापुढं ठेवून बांधलेला. त्याचा हात पटक्याकडं गेला आणि थांबला. डोकं उघडं करणं, आणि तेही दसऱ्याच्या दिवशी, ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. "देवाम्होरचा हाय," तो हळूच म्हणाला.

मावशी धापा टाकत होती, तरी म्हणाली, "देव काय पटक्यात बसलाय व्हय? दे."

त्यानं पटका उतरवला. मी तो टराटरा फाडला. एक तुकडा पेट्रोलमध्ये भिजवून तबकडी पुसली, कोरड्या तुकड्यानं पुसली, पुन्हा भिजवली, पुन्हा पुसली, कापडावर काळं उमटायचं थांबेपर्यंत. माझे हात तेलकट होते, म्हणून कोरडी माती तळव्यांवर चोळली, वर कापडानं पुसले, आणि मग डब्यातले पॅड उघडले. पान्याच्या दांड्यानं चिमटी मागं ढकलली, पॅड बसवले, चाक चढवलं. मागून मावशीच्या श्वासाचा आवाज येत होता. तो ऐकू येतोय हेच बरं असं मी स्वतःला सांगत होतो. दुसऱ्या चाकाला एक नट अडकला आणि फिरेना. मी दात-ओठ खाऊन पाना ओढला, हात सटकला, बोटांची सालं निघाली. शिवाजी पहिल्यांदाच बोलला. "मिस्त्री, द्या हिकडं." त्यानं पान्यावर पाय देऊन उभा भार टाकला आणि नट सुटला.

दोन्ही चाकं झाली. हॅण्डलवरचा ब्रेक दाबला, मऊ. पुन्हा दाबला, पुन्हा, पुन्हा. मग मुठीत कडक लागला. तो कडकपणा मला अजून हातात आठवतो.

शिवाजी म्हणाला, "तुमी चालवा मिस्त्री. माज्याच्यानं न्हाय व्हायचं."

"ही पट्टी माझ्यापेक्षा तुझ्या हाताला माहीत आहे. नवे पॅड लगेच धरत नाहीत, दाबत-सोडत ये. मागचा ब्रेक नाहीच असं समज. मी पुढं चालतो."

"पुडं म्हंजी?"

"गाडीच्या पुढं. तुझ्याकडं बघत."

त्याला कळलं. त्यानं मान हलवली आणि बसला. मावशीला मागं बसवलं, आणि तिच्या कमरेभोवती पटक्याचा उरलेला लांब तुकडा घेऊन तो शिवाजीच्या पोटाशी बांधला. "बसलीस बग शेवटी ह्या भुतावर," असं ती स्वतःलाच पुटपुटली. बिरा मागं कॅरिअर धरून चालायला लागला.

मी उताराकडं पाठ केली आणि मागं-मागं सरकत निघालो. परंड्याच्या खंदकाकडचा रस्ता रुंद होता, आणि तेव्हा मी तरुण होतो. इथं टाचेखाली खडी, आणि उजव्या हाताला काही नाही. गाडी येत होती, शिवाजी दाबत होता, सोडत होता. माझी नजर चाकांवर, त्याची माझ्या हातावर. पहिल्या टप्प्यात ब्रेक थोडा घसरत होता, मग धरायला लागला. मी बोलत राहिलो, काय बोलत होतो ते आठवत नाही.

वळणाशी मी हात वर केला. तिथं थांबायचंच होतं. शिवाजीनं ब्रेक आवळला, पुढची चाकं थांबली, पण चाकांखालची खडीच सरकली आणि थांबलेली गाडी माझ्याकडं घसरत आली. माझ्या मागं पट्टी, बाजूला दरी. बाजूला उडी मारायला जागा नव्हती, आणि असती तरी मी मारली असती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पुढचा लोखंडी दांडा माझ्या मांड्यांना टेकला. टेकला आणि थांबला. शिवाजीनं मूठ सोडली नव्हती. मग मावशीला खोकला आला आणि आम्ही सगळे जागे झालो.

त्यानं चाकं सरळ केली, इंचा-इंचानं पट्टी पार केली, आणि जीप दिसली. मावशीला जीपमध्ये आडवं केलं, बिरा तिच्या उशाशी बसला, जीप मी काढली. झेंडूच्या माळा तशाच होत्या. भूममध्ये सीमोल्लंघनाला निघालेली माणसं सणाची गाडी समजून बाजूला होत होती. एकानं तर खिडकीतून आपट्याची पानं पुढं केली, आणि आतलं बघून हात मागं घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. त्यांनी काही आशेचं सांगितलं नाही, भीतीचंही नाही. बाहेर बाकावर बिरा उघड्या डोक्यानं बसला होता. मी माझी टोपी काढून दिली, त्यानं नको म्हणून मान हलवली. उशिरानं शिवाजी आला. बेडकी साइटवर लावून, मिळेल त्या वाहनानं आला होता. तो माझ्याजवळ बसला नाही, लांब भिंतीशी उभा राहिला. डोंगरावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं असं मला तिथं वाटलं. त्यानं लाड केले होते, हलगर्जी केली नव्हती. पण ते त्याला सांगायला मला जमेना, आणि तो तसाच भिंतीशी उभा राहिला. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, बाईंचा श्वास सुधारतोय, हातपाय ऊन लागतायत. बिरानं दोन्ही हात जोडले. शिवाजी भिंतीकडं तोंड करून रडला.

नंतर कित्येक दिवस तो बेडकीला हात लावत नव्हता. मी त्याला समजावलं नाही, मला समजावता येत नाही. रोज सकाळी चाक खोलायला हाक मारायचो. "शिवा, जरा धर." धरता-धरता तो विचारायला लागला, मग स्वतः पुसायला लागला, आणि एक दिवस किल्ली घेऊन माळावर जाऊन आला.

पुढचा दसरा माझ्या नोकरीतला शेवटचा. गाड्या साध्या पाण्यानं धुतल्या होत्या, तेही शिवाजीनं बादलीनं. मावशी बिराबरोबर दोन पायांवर चालत आली. बिराच्या डोक्याला नवा पटका होता. मावशीच्या एका हातात भंडारा, दुसऱ्या हातात तेलाची वाटी.

"ही थांबती ती कुठनं? त्या जागंला पूजायचंय मला."

शिवाजीनं खाली बसून तिला पुढच्या चाकाआडची तबकडी दाखवली. मावशीनं वाटीत बोटं बुडवली आणि हात पुढं नेला. मी तोंड उघडायच्या आत शिवाजीनं तिचं मनगट धरलं.

"मावशी, हितं तेल न्हाय चालत. भंडारा बी नगं."

"मग काय वाहू?"

"कोरडा हात लावा नुस्ता."

तिनं वाटी खाली ठेवली. पदराला बोटं नीट पुसली, उलटीसुलटी करून बघितली, पुन्हा पुसली. मग तळवा तबकडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी तेव्हा सवयीनं गाडीच्या पुढं, तिच्याकडं तोंड करून उभा होतो. मावशी उठली, तोच हात शिवाजीच्या डोक्यावरून फिरवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"सर की आता बाजूला, मिस्त्री. थांबतीया ती."